जानराव मिस्त्रींनी पास केलेली गाडी

खामगावात नांदुरा रोडवर माझं छोटंसं दुकान आहे. गाड्यांचे विमे, गाडी नावावर करायचे कागद आणि झेरॉक्स. दुकानाला लागूनच जानराव मिस्त्रींचं गॅरेज. मधे नुसती पत्र्याची भिंत. तिकडे पाना पडला की इकडे माझ्या कपातला चहा हिंदकळतो, आणि इकडे मी कोणावर ओरडलो की तिकडून मिस्त्री विचारतात, आज कोण सापडला बे गोविंदा. मी ओरडतो, हे कबूल. लोक अर्धे कागद आणतात आणि पुरं काम मागतात, त्यांच्यावर ओरडू नको तर काय ओवाळू? मिस्त्री मात्र चाळीस वर्षांत कोणावर ओरडले नाहीत. त्यांना गरजच पडली नाही. ते दोनच शब्द बोलायचे आणि त्यांच्या त्या दोन शब्दांवर अख्खा तालुका चालायचा.

ते शब्द म्हणजे ‘घे’ आणि ‘सोड’. आमच्याकडे जुनी गाडी घ्यायची तर आधी जानराव मिस्त्रींना दाखवायची, हा रिवाजच आहे. नवरी पाहायला एक वेळ मामाला नेणार नाहीत, पण गाडी पाहायला मिस्त्रींना नेतील. त्या पाहण्याचे ते पैसे घेत नाहीत, चहा घेतात. गाडीभोवती एक फेरी मारायची, आत बसून काचा लावून घ्यायच्या, मग इंजिन, मग खाली आडवं होऊन सगळं तपासायचं आणि शेवटी एक शब्द बोलायचा. का घे, का सोड, हे ते सांगत नसत. कोणी विचारलंच तर एवढ्या थंड नजरेने पाहत की विचारणारा खाली पाहू लागे. मला हे कधीच पटलं नाही. डॉक्टरसुद्धा आजाराचं नाव सांगतो. पण लोकांना ते आवडायचं. गाडी विकणारे दलालसुद्धा पुढे मिरवायचे, जानराव मिस्त्रींनी पास केलेली आहे म्हणून. आणि पास केलेल्या गाडीचे कागद माझ्याकडे आले की मीही मान वर न करता शिक्के मारायचो. बोलायला मीच शहाणा, वागायला मीही तसाच.

मिस्त्री मूळचे संग्रामपूर तालुक्यातले, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले. तिकडे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्याचा चहा केला तर दूध फाटतं. सायकलच्या आऱ्यांना वर्षात गंज चढतो आणि हातपंपाच्या दांड्यावर पांढरं पीठ जमतं. सहावीत शाळा सुटली, खामगावला आले, आधी कापसाच्या जिनिंगमधे इंजिनं पुसली, मग ट्रकच्या गॅरेजात पाने उचलून द्यायला लागले. आता बासष्ट वर्षांचे आहेत. स्वतःला मूल नाही. धाकटा भाऊ लवकर गेला, त्याची मुलगी समता, तिला मिस्त्रींनीच वाढवलं, नर्सिंगपर्यंत शिकवलं. ती यांना मोठेबाबा म्हणते. माणूस साधा, दोन जोडी कपड्यात वर्ष काढणारा, पण एक मिजास त्यांच्यात ठासून भरलेली. ती म्हणजे त्यांची नजर.

समता धामणगाव बढेजवळच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. तिचा नवरा प्रसेनजित, त्याचं तिथेच मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. त्याआधी दोनदा दिवस राहून हातचं गेलेलं. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रक्तदाब वाढतोय, दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं, पण दुचाकीवर बसायचं नाही आणि उभ्याने एसटीचा प्रवास करायचा नाही. म्हणून गाडी. चैन म्हणून नाही, मिरवायला नाही. राजूरचा घाट चढून तिला बुलढाण्याला सुखरूप न्यायचं आणि आणायचं, एवढ्यासाठी.

गाडी खामगावबाहेरच्या एका दलालाकडे मिळाली. पांढरी, पाच वर्षांची, डिझेलची. पासिंग समुद्राकडच्या जिल्ह्याचं. दलालाने गोष्ट सांगितली की मालक बँकेतले साहेब, तीन वर्षांपूर्वी बदली होऊन संग्रामपूरकडे आले, आता पुन्हा बदली झाली आणि गाडी विकून गेले. गोष्ट रंगवून नव्हती सांगितली. लोक अशी साधी गोष्ट लवकर खरी मानतात.

मी त्या दिवशी सोबत होतो. मिस्त्रींनी फेरी मारली, आत बसले. आतमधे लिंबाच्या वासाचं काहीतरी लावलेलं, एवढं की माझं डोकं चढलं. मिस्त्रींनी हात खाली घालून सीटच्या पायाशी चाचपलं आणि बोटं उजेडात धरली. बोटांवर गंज आणि पांढरी भुकटी. दलाल लगेच म्हणाला, साहेब बोअरच्या पाण्यानं गाडी धूत होते, तिकडचं पाणी तर तुम्हाले माहीतच हाये.

मिस्त्री हसले. मी त्यांना गाडी पाहताना हसलेलं तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती भुकटी अंगठ्याने चोळली आणि समताला म्हणाले, हे आपल्या गावचं पाणी हाये. मग सांगायला लागले, की त्यांच्या लहानपणी आई पाणी भरायचा पितळेचा गुंड रोज चिंचेने घासायची तरी दुसऱ्या दिवशी पांढरा व्हायचा. गाडी पाहायला आलेला माणूस गावच्या आठवणी सांगत बसला. त्यांनी इंजिन पाहिलं, खाली आडवे झाले, पण मन तिथे नव्हतं, हे मला आता कळतं. बाकी काही न तपासता उठले आणि म्हणाले, घे.

चूक झाली ती इथे. दुसऱ्या कोणा मिस्त्रीने ती भुकटी पाहून कपाळाला आठी घातली असती. खारपाणातल्या माणसाला ती ओळखीची वाटली, आणि ओळखीची वाटली म्हणून चांगली वाटली. गाडी धुतल्याचं पाणी बाहेरून लागतं, खालून लागतं. ते सीटच्या पायाशी, गालिच्याखाली कशाला जाईल? एवढं त्यांना कळत नव्हतं असं नाही. आणि आमच्याकडे गाडी पाण्यात बुडते हे तरी कोणाच्या डोक्यात येणार? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आम्ही गाडीत धूळ शोधतो, खड्ड्यांनी खिळखिळं झालेलं बूड शोधतो, मागे फिरवलेलं मीटर शोधतो. पाणी शोधत नाही. आणि नेमकं म्हणूनच बुडालेल्या गाड्या आमच्याकडे येतात. पुरात गाडी बुडाली, विमा कंपनीने भरपाई दिली, की ती गाडी लिलावात जाते. कोणीतरी ती घेऊन उन्हात वाळवतो, गालिचे धुतो, वास मारतो आणि जिथे कोणी पूर पाहिला नाही अशा जिल्ह्यात पाठवून देतो.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्याचं सांगून स्वतःचं झाकायची मला चीड आहे. कागद माझ्याकडे आले तेव्हा जुन्या विम्यावर नो क्लेम बोनस शून्य होता. याचा अर्थ त्या गाडीवर कधीतरी भरपाई घेतली गेली होती. त्याच्यानंतर सात महिने गाडीला विमाच नव्हता. बँकेतला साहेब सात महिने बिनविम्याची गाडी चालवेल? मी थांबलो. पेन हातात धरून थांबलो. पत्र्यापलीकडे मिस्त्री प्रसेनजितला पेढा देत होते. त्यांनी ‘घे’ म्हटल्यावर आपण कोण लागून गेलो, असं म्हणून मी शिक्का मारला. ते आठवलं की आजही स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

गाडी जुलैत समताकडे गेली. ऑगस्टमधे हॉर्न आपोआप वाजायला लागला. मग ऊन असताना वायपर चालू झाले. प्रसेनजित दर वेळी गाडी घेऊन यायचा, मिस्त्री वायरींचे जोड पुसून द्यायचे. सप्टेंबरमधे मागची काच आपोआप खाली गेली आणि वर येईना. दर वेळी मिस्त्री म्हणायचे, खारं पाणी, दुसरं काय. पण म्हणताना माझ्याकडे पाहत नसत. मी एकदा गाडीत बसून चावी फिरवली. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर क्षणभर लागतो आणि विझतो. या गाडीत तो लागतच नव्हता. मी मिस्त्रींना सांगितलं, तर म्हणाले, बल्ब गेला असन. एअरबॅगची वायरिंग सडली असेल तर कोणीतरी मुद्दाम दिवाच काढून टाकलेला असू शकतो, हे त्यांना मी सांगायला हवं होतं असं नाही, त्यांनीच मला सांगायला हवं होतं.

त्या दिवसांत ते बसायचे नाहीत. गिऱ्हाइकाची गाडी उघडायची, अर्धी सोडून दुसरीकडे जायचं, मग माझ्या दुकानात यायचं, पाणी प्यायचं, परत जायचं. चहा थंड करून टाकून द्यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, काई नाई, झोप होत नाई. मला त्यांचा राग यायला लागला होता आणि काळजीही वाटत होती. या दोन गोष्टी माझ्यात नेहमी एकदमच येतात.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी शटर उघडायला गेलो तर मिस्त्री पायरीवर बसलेले. आदल्या दिवशी प्रसेनजित गाडी दुरुस्त करून संध्याकाळी पाचला घेऊन गेला होता. मिस्त्री उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

“गोविंदा, गाडी धुतल्याचं पाणी सीटबेल्टाच्या आत जाते काय बे?”

मी म्हणालो, कसं जाईल?

“काल पुरा पट्टा बाहेर ओढला मी. अर्ध्याच्या खाली माती होती. वाळलेली. लाल माती.”

मला आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, संग्रामपूरची माती काळी असते, पूर्णेकाठी लाल माती कोठी हाये. आणि मला सगळं कळलं. गाडी पुरात बुडाली होती, छातीएवढ्या पाण्यात, आणि तीही तिकडे समुद्राजवळ, खाडीच्या खाऱ्या पाण्यात. संग्रामपूर तिने कधी पाहिलंही नसेल.

मी विचारलं, प्रसेनजितला सांगितलं ना?

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “तो चहा प्याले गेला होता. आला, तवा मी म्हटलं, झालं काम, ने. जीभच उचलली नाई माही.”

आणि आज समताला बुलढाण्याला न्यायचा दिवस होता. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो. शेजारच्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. काय काय बोललो ते लिहीत नाही. मी प्रसेनजितला फोन लावला, तो लागेना. समताचा वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी मोटारसायकल काढली, मिस्त्रींना मागे बसवलं आणि निघालो.

नांदुऱ्यापर्यंत ते गप्प होते. नांदुऱ्यात थांबून फोन लावला, नाही लागला. पुढे निघाल्यावर ते माझ्या कानाशी बोलायला लागले आणि थांबेनात. चाळीस वर्षं दोन शब्दांवर काढलेला माणूस, सगळा साठा त्या रस्त्यावर सांडत होता. म्हणाले, पट्टा मी दर गाडीचा ओढतो, या गाडीचा काऊन नाई ओढला. म्हणाले, ब्रेकची कशी हालत असन, आतून गंजले असन तर. म्हणाले, घाटात गाडी बंद पडली तर ब्रेक दगडासारखा होते, पोराले माहीत असन काय. म्हणाले, जोरात चालव. मी जोरातच चालवत होतो. कापसाने भरलेल्या गाड्यांच्या मागे अडकलो की ते मागून माझा खांदा दाबायचे, जणू मी मुद्दाम हळू जातोय. एकदा मी वैतागून म्हणालो, तुम्ही चालवता का. त्यांनी खांदा आणखी जोरात दाबला.

मोताळ्याला फोन लागला. प्रसेनजितचा आवाज तुटत होता. घाटात आहोत, गाडी बंद पडली, एवढं ऐकू आलं. मिस्त्रींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि विचारलं, समता? तो म्हणाला, बरी आहे. मग फोन कटला. बरी आहे म्हणजे नेमकी कशी, ते कळायला पुढचा सगळा रस्ता काढावा लागला. त्या अर्ध्या तासाइतका लांब रस्ता मी आयुष्यात चालवलेला नाही.

दुसऱ्या वळणावर गाडी दिसली. मागचा भाग कठड्याला टेकलेला, मागचा दिवा फुटलेला, चाकाखाली दोन मोठे दगड. कठड्यापलीकडे खोल दरी. समता वरच्या अंगाला झाडाच्या सावलीत बसली होती, एक हात पोटावर, एका हातात पाण्याची बाटली. तिच्या आसपास काळीपिवळी जीपमधून उतरलेली आठ-दहा माणसं. जीप बुलढाण्याला चालली होती, गाडी अशी टेकलेली पाहून आत्ताच थांबली होती. दगड त्यांनीच लावले होते.

प्रसेनजितने सांगितलं ते असं. चढावर असताना समोरचे सगळे दिवे एकदम विझले, इंजिन बंद झालं. स्टिअरिंग फिरेना. त्याने ब्रेक दाबला तर तो लाकडासारखा कडक, दोन पायांनी दाबला तरी गाडी मागे सरकतच राहिली. हँडब्रेक ओढला, तो अर्धाच लागला. दहा-बारा फूट मागे जाऊन कठड्याला धडकली आणि थांबली. कठडा नसता तर, एवढं म्हणून तो थांबला आणि खाली बसला.

मिस्त्री समतापाशी गेले. मी त्यांच्या मागे होतो. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. आधी विचारलं, पोटात दुखून राह्यलं काय. ती म्हणाली, नाही, बाळ हालतंय, ठीक आहे. मग ते म्हणाले,

“गाडी बुडालेली हाये, पोरी. मले काल समजलं. समजल्यावर मी सोडली तिले घाटात याले.”

मला वाटलं समता रडेल, किंवा ओरडेल. ओरडावं असं मला वाटत होतं. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली,

“मले माहीत होतं, मोठेबाबा.”

मिस्त्री उकिडवे होते ते खाली मातीतच बसले.

“पह्यल्याच आठवड्यात वास आला मले. आमच्या केंद्रातल्या स्टोअरचं छत गळलं होतं, तवा कापसाच्या गठ्ठ्यांचा असाच वास येत होता. मागचा गालिचा उचलला तर खाली लाल चिखल वाळलेला. मीच धुतला. तुमच्या नजरेस पडू नये म्हणून.”

प्रसेनजित खालूनच म्हणाला, मी पण सांगत होतो. वायरींच्या जोडांवर हिरवं चढलेलं त्याने पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. पाण्यात पडलेले मोबाईल रोज उघडणारा माणूस, त्याला ते हिरवं कळणार नाही तर कोणाला? त्याने घरी सांगितलंही. समताने त्याला गप्प केलं होतं.

“काऊन?” मिस्त्रींनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

“मंग काय सांगू मोठेबाबा? जानराव मिस्त्रीनं घरच्या पोरीले बुडालेली गाडी देली, असं लोकाईले सांगू? त्या नजरेबिगर काय हाये तुमच्यापाशी?” आता ती रडायला लागली होती. “मले वाटलं, हॉर्न वाजते, काच पडते, तेवढंच असन. दोन महिने तर काढाचे हायेत. तेवढे निघून जातीन.”

मला तिथे उभं राहवेना. मी दोन पावलं गेलो, परत आलो आणि नो क्लेम बोनसचं सांगून टाकलं. सात महिन्यांचं सांगितलं. आम्ही तिघांनी आपापल्या कामातलं पाहिलं होतं आणि तिघांनी तोंड बंद ठेवलं होतं, आणि सगळ्यांत शेवटी मिस्त्रींनी स्वतःही तेच केलं. एका म्हाताऱ्या माणसाचा शब्द खाली पडू नये म्हणून आम्ही सात महिन्यांच्या पोटुशीला घाटात बसवून पाठवत होतो. याला मान म्हणतात का? मला त्या क्षणी सगळ्यांची आणि स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात जीपचा ड्रायव्हर जवळ आला. त्याने मिस्त्रींना ओळखलं. इकडची कोणती गाडी आणि कोणता ड्रायव्हर यांना ओळखत नाही? तो मोठ्याने म्हणाला, मिस्त्री, तुम्ही इकडे कसे, ही गाडी तुम्ही पास केलेली होती काय. बाकीची माणसंही वळून पाहायला लागली. प्रसेनजित झटकन उठला. म्हणाला, नाही नाही, मीच घेतली होती, यांना न विचारता, माझीच घाई. तो खोटं बोलताना समताकडे पाहत होता आणि समता खाली पाहत होती. अजूनही दोघं झाकतच होती. तासाभरापूर्वी मरता मरता वाचलेली माणसं.

मिस्त्री उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळू.

“मीच पास केली,” ते म्हणाले. “पुरात बुडालेली गाडी हाये. खारा गंज पाह्यला आन् मले वाटलं आपल्या गावाकडली हाये. बाकी पाह्यलंच नाई मी. चूक माही हाये.”

जीपमधे पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, खाली उतरले नव्हते. त्यांचं नाव कडूबा, एवढं मागून कळलं. ते बसल्या जागेवरून म्हणाले,

“मिस्त्री, माह्या जावयानं मांगच्या वर्षी गाडी घेतली. तुमीच म्हटलं होतं, घे. माही पोरगी, नातू, सगळे तिच्यातच फिरतात. ते गाडी कशी असन?”

हाच तो प्रश्न होता. गेले तीन महिने मिस्त्री ज्याच्यापासून पळत होते, चहा टाकून देत होते, रात्री जागत होते, तो हा. एका गाडीचा प्रश्न नव्हता. चाळीस वर्षांत ज्या ज्या गाड्यांना ते ‘घे’ म्हणाले, त्या सगळ्यांचा होता. मला वाटलं, आता म्हणतील, चांगली आहे, काळजी करू नका. तो शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मी पाहिला. समता वर मान करून त्यांच्याकडे बघत होती.

“माहीत नाई, भाऊ,” मिस्त्री म्हणाले. “घेऊन या. परत पाहू. काय पाह्यलं, कसं पाह्यलं, ते या खेपेले सांगीन तुमाले.”

समताने पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला. त्यांनी तिला उठवलं. घड्याळात अकरा वाजत होते. डॉक्टरीणबाई एकपर्यंतच बसतात आणि रक्तदाब पाहून घ्यायची आजच्याइतकी गरज कधी नव्हती. प्रसेनजितने आणि मी गाडीजवळ थांबायचं, टोइंगवाल्याला बोलवायचं, असं ठरलं. बुडालेली गाडी आता एक फूटही चालवायची नाही, असं मिस्त्रींनी स्वतः चावी खिशात टाकत सांगितलं. जीपमधली माणसं चढली. समताला पुढे बसवायचं होतं, तिला मागे दाटीत बसवणं शक्य नव्हतं, आणि मिस्त्री तिचा हात सोडायला तयार नव्हते.

कडूबांनी दोघांकडे पाहिलं. मग ते खाली उतरले आणि मागच्या दाटीत जाऊन बसले, आणि पुढची जागा दोघांना सोडली.